जमिनीखालच्या लोखंडी पाण्याच्या लाइनीतले रिस्ट्रेन्ड जॉइंट: गंज कुठे धरतो, कसा रोखायचा, जुना जॉइंट कसा तपासायचा

लोखंडी पाइपलाइनीला गंज लागलाय म्हटलं की सगळे पाइपची जाडी मोजायला धावतात, आणि रिस्ट्रेन्ड जॉइंट, म्हणजे दाबाने सुटू नयेत म्हणून धातूच्या तुकड्यांनी बांधलेले सांधे, असलेल्या लाइनीत तिथून सुरुवात करणं चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पाइपच्या अंगाला भोक पडलं तर आधी पाझर लागतो, मग गळती वाढते, वरची जमीन ओली दिसते, प्रेशर उतरतं, कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येतं. पण जॉइंटला जागेवर धरून ठेवणारे बोल्ट, रॉड, वेज (पाचरी) गंजून अर्धे झाले तरी पाण्याचा एक थेंब बाहेर येत नाही, कारण पाणी अडवायचं काम रबर रिंग करत असते आणि ती शाबूत असते. मग कधीतरी कुठेतरी व्हॉल्व्ह झटकन बंद होतो आणि अख्खा बेंड (वळणाचा तुकडा) सॉकेटमधून, म्हणजे पाइपच्या रुंद तोंडातून, निसटतो, काही सूचना न देता. म्हणून हे सगळं त्या छोट्या धातूच्या तुकड्यांबद्दल लिहितोय, पाइपबद्दल कमी.

आधी जोर किती असतो ते बघा

साधा पुश-ऑन जॉइंट म्हणजे सॉकेटमध्ये रबर रिंग आणि त्यात ढकललेलं पाइपचं टोक, त्याला लांबीच्या दिशेने धरून ठेवणारं काहीच नसतं. सरळ लाइनीत चालून जातं, पण बेंड, टी, रिड्यूसर, बंद टोक, बंद केलेला व्हॉल्व्ह, अशा प्रत्येक ठिकाणी पाण्याचा दाब त्या फिटिंगला एका बाजूला ढकलत असतो, तेही पाणी वाहत असो वा नसो. बंद टोकावर हा जोर म्हणजे दाब गुणिले पाइपच्या बाहेरच्या व्यासाचं क्षेत्रफळ. ३०० मिमीचा डक्टाइल, म्हणजे ठिसूळ नसलेल्या लोखंडाचा, पाइप घ्या, त्याचा बाहेरचा व्यास ३२६ मिमी असतो, १० बार दाबाला बंद टोकावर साधारण साडेआठ टन जोर येतो. ९० अंशाच्या बेंडवर त्यापेक्षाही जास्त, १२ टन. ४५ अंशाला साडेसहा आणि साडेबावीस अंशाला सव्वातीनच्या आसपास.

हा जोर एकतर काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक मातीवर टाकतो, नाहीतर रिस्ट्रेन्ड जॉइंट आजूबाजूच्या पाइपांना एकत्र बांधून ठेवतात आणि त्या सगळ्या पाइपांचं मातीशी होणारं घर्षण तो जोर पेलतं. बांधायचे प्रकार बरेच आहेत. मेकॅनिकल जॉइंटवर, म्हणजे बोल्टने आवळायच्या सांध्यावर, बसणारी वेजवाली ग्लँड (दाबकडी) असते, तिची वेज पाइपच्या अंगात रुततात. दोन फिटिंगना जोडणारे लांब टाय रॉड असतात. पाइपवर वेल्डिंगची रिंग घालून तिच्यामागे लॉकिंग रिंग अडकवतात. रबर रिंगमध्येच स्टेनलेसचे दात बसवलेले असतात तो एक प्रकार, आणि फ्लँज तर सगळ्यांना माहीतच आहे. प्रत्येकात सगळा जोर शेवटी थोड्याशा धातूतून जातो, आणि गंजाला नेमका तोच सापडतो.

एक मिमी गंज पाइपला काय करतो आणि रॉडला काय करतो

वरचाच ३०० मिमीचा पाइप घ्या. के९ क्लास (पाइपच्या जाडीचा एक वर्ग) असेल तर लोखंडाची जाडी ७.२ मिमी. त्यातला एक मिमी गंजाने खाल्ला तरी पाइप बरीच वर्षं सुखाने चालेल. आता बंद टोक चार टाय रॉडनी धरलंय समजा, २० मिमीचे साधे ४.६ ग्रेडचे थ्रेडेड रॉड. साडेआठ टन भागिले चार म्हणजे एका रॉडवर दोन टनांच्या जरा वर. नव्या रॉडचं आट्यांमधलं कामाचं क्षेत्रफळ २४५ चौरस मिमी असतं आणि साधारण ६ टनांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. म्हणजे जवळजवळ तिप्पट ताकद, कागदावर एकदम मजेत.

आता त्याच रॉडला चहूबाजूंनी एकेक मिमी गंज लागू दे. क्षेत्रफळ १९२ चौरस मिमीवर येतं, २१ टक्के गेले, ताकद उरली ४.७ टन. दोन मिमी गेले तर १४६ चौरस मिमी उरतं, म्हणजे ४० टक्के गेले आणि ताकद साडेतीन टन. तरीही दोन टनांपेक्षा जास्तच आहे, म्हणून लाइन शांत राहते आणि सगळ्यांना वाटतं ठीक आहे. पण पाणी एक मीटर प्रति सेकंद वेगाने वाहत असताना एकदम अडवलं तर अशा लोखंडी पाइपात साधारण १२ बारचा धक्का वर चढतो. दहाचे बावीस बार झाले. एका रॉडवर आता ४.७ टन. नवा रॉड हे सहज झेलतो, एक मिमी खाल्लेला अगदी काठावर येतो, आणि दोन मिमी खाल्लेला ताणला जाऊन तुटायच्या मार्गाला लागतो. एक गेला की उरलेल्या तिघांवर जोर येतो तोही सारखा नाही, एका बाजूला ओढ पडून शेजारचा रॉड जास्त घेतो, आणि मग एकामागोमाग एक जातात. म्हणून डिझाइन करताना चालू दाब धरून रॉड मोजू नका, टेस्ट प्रेशर आणि वॉटर हॅमर (हाच पाणी अडल्याचा धक्का) धरा आणि वर गंजासाठी जाडी सोडा.

गंज नेमका कुठे धरतो

उघडा बोल्ट मातीत सगळीकडे सारखा झिजत नाही. नटच्या बाहेर आलेली आटे असलेली शेपटी बघून लोक ठरवतात की बोल्ट चांगला आहे, आणि तो पार वाया गेलेला असू शकतो. खरी जागा म्हणजे नटच्या आतल्या तोंडाशी, वॉशर आणि फ्लँजच्या मधली फट, आणि रॉड लगमधून (फिटिंगच्या भोक असलेल्या कानातून) आरपार जातो ते भोक. तिथे ओलावा अडकतो, ऑक्सिजन आत पोचत नाही, बाहेरच्या भागाला मात्र पोचतो, आणि जिथे ऑक्सिजन कमी तोच भाग अॅनोड (गंजणारी बाजू) होऊन झिजतो. वरून बघाल तर नट फुगलेला, गंजाचे पापुद्रे चढून मूळ मापापेक्षा मोठा झालेला दिसतो, कारण गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो पापुद्रा छिन्नीने उडवला की नटच्या मागे रॉड अचानक बारीक होत गेलेला दिसतो, आटे नाहीसे झालेले, आणि अर्धा इंच पुढे गेलं की तोच रॉड पुन्हा पूर्ण जाडीचा. कॅलिपर त्या बारीक जागी लावायचा असतो. बाकी कुठेही माप घेतलंत तर ते खोटी खात्री देतं.

दुसरी जागा वेजची. वेज पाइपच्या अंगात रुतावं हीच त्याची रचना आहे, म्हणजे रुतताना ते बाहेरचा रंग, त्याखालचं झिंक सगळं कापून थेट लोखंडापर्यंत जातं. सगळ्यात जास्त ताण जिथे आहे नेमकं तिथेच कोटिंग नाही. साइटवर कापलेलं पाइपचं टोक, साइटवर मारलेली वेल्डिंगची रिंग, इथेही तीच गत. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं झिंक जळून गेलेलं असतं आणि घाईत कुणी परत लावत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करते: वेगळ्या धातूची जोडी. डक्टाइल लोखंडाच्या मोठ्या फिटिंगला साध्या कार्बन स्टीलचे चार छोटे बोल्ट लावले, तर बोल्ट त्या लोखंडासमोर अॅनोड होऊ शकतात. क्षेत्रफळ बघा, कॅथोड (न झिजणारी बाजू) केवढा मोठा आणि अॅनोड केवढासा. सगळा गंज त्या चार बोल्टवर एकवटतो. उलट स्टेनलेसचे बोल्ट लावले तर झिजणारी बाजू पाइपची होते, पण ती इतकी मोठी असते की झीज पसरून जाते. म्हणजे नियम सोपा आहे, छोटा भाग नेहमी मोठ्या भागापेक्षा वरचढ, म्हणजे कमी झिजणाऱ्या, धातूचा हवा. मेकॅनिकल जॉइंटचे चांगले टी-बोल्ट (टी आकाराच्या डोक्याचे) लो-अलॉय स्टीलचे असतात, त्यात तांबं, निकेल, क्रोमियम थोडं घातलेलं असतं ते याचसाठी, ते पाइपच्या लोखंडापेक्षा किंचित वरचढ राहतात. दिसायला साधा बोल्ट तसाच असतो म्हणून स्टोअरमधून कुणीतरी हाताला लागेल तो उचलतो आणि तिथेच जॉइंटचं आयुष्य कमी होतं.

यातूनच आणखी एक मुद्दा निघतो, बोल्टवर नुसतं रंगीत टेफ्लॉनसारखं कोटिंग असलं की झालं असं समजू नका. नट फिरवताना स्पॅनरने कोपऱ्यावरचं कोटिंग उडतंच, आणि मग अॅनोड आणखीनच छोटा, टिकलीएवढा होतो, तिथे गंज खोल जातो. कोटिंग वाईट नाही, फिरवायला सोपं जातं, पण त्याच्यावर वेगळं संरक्षण लागतंच.

जुन्या बिडाच्या, म्हणजे ग्रे कास्ट आयर्नच्या फिटिंगमध्ये ग्राफाइटिक गंज असतो तो अजून फसवा. लोखंड विरघळून निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा गंजाबरोबर जागेवर राहतो. फिटिंगचा आकार, लगचा आकार, अगदी साच्याचे आकडे सुद्धा दिसतात. पण चाकू लावला की पेन्सिलीच्या शिशासारखं काळं मऊ खरवडून येतं. रॉड नवा टाकला आणि लग असा असेल तर काही उपयोग नाही, लगच तुटून येईल. डक्टाइलमध्येही हे होतं, तिथे मुख्यतः खड्डे पडत जातात आणि खड्डा काळ्या मगजाने भरलेला असल्यामुळे साफ केल्याशिवाय दिसत नाही.

माती तपासून घ्या, अंदाजावर जाऊ नका

सगळ्यात आधी मातीचा विद्युत रोध. चार खिळे एका रेषेत सारख्या अंतरावर ठोकतात, बाहेरच्या दोनमधून करंट सोडतात, आतल्या दोनवर व्होल्टेज बघतात. अंतर पाइपच्या खोलीइतकं ठेवायचं. मीटरवर येणारा ओहमचा आकडा गुणिले अंतर सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२८, की ओहम-सेंटिमीटर मिळतात. दीड मीटर अंतर आणि १.२ ओहम आलं तर ११३० च्या आसपास, म्हणजे वाईट माती. ढोबळ मानाने हजाराच्या खाली अतिशय गंजवणारी, दहा हजाराच्या वर बरीच सौम्य. कोरड्या दिवसात मोजलं तर आकडा फसवा जास्त येतो, म्हणून नमुना भिजवून सॉइल बॉक्समध्येही मोजा.

पण एकट्या रोधावर निर्णय नको. अमेरिकन एडब्ल्यूडब्ल्यूए या पाणीपुरवठ्याच्या संस्थेच्या सी१०५ स्टँडर्डमध्ये पाच गोष्टींना गुण देतात, रोध, पीएच, रेडॉक्स (मातीतल्या ऑक्सिजनचा अंदाज देणारं माप), सल्फाइड आणि ओलावा, आणि बेरीज १० किंवा जास्त झाली की माती गंजवणारी धरतात. मला ही पद्धत आवडते कारण ती दलदलीची काळी चिकण माती बरोबर पकडते. तिथे ऑक्सिजन जवळपास नसतो, तरी गंज जोरात, कारण सल्फेट खाणारे जीवाणू असतात. खणताना काळा थर दिसला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजून जा. बोल्टवरच्या काळ्या थरावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाकला की तोच वास येतो, ही चाचणी उघड्यावर करा, खोल खड्ड्यात किंवा बंद चेंबरमध्ये कधीच नाही, तो वायू विषारी आहे. आणि भरावात कोळशाची राख असेल तर गुण मोजत बसूच नका, राख काढा आणि स्वच्छ माती भरा. राखेतला कार्बन लोखंडासमोर कॅथोड बनतो आणि लोखंड खात सुटतो.

नवीन जॉइंट बसवताना

बोल्ट कुठले घ्यायचे ते वर आलंच, लो-अलॉय टी-बोल्ट किंवा स्टेनलेस. स्टेनलेस घेतलं तर अँटी-सीझ पेस्ट लावल्याशिवाय नट चढवू नका, स्टेनलेसवर स्टेनलेस अर्ध्यात जाम होतो आणि मग ना पुढे जातो ना मागे. क्लोराइड जास्त असलेल्या ओल्या मातीत ३०४ पेक्षा ३१६ बरं, आणि तेही उघडं सोडायचं नाही कारण फटीत ऑक्सिजन नसला की स्टेनलेसलाही खड्डे पडतात. १०.९ किंवा त्यावरचे जास्त ताकदीचे बोल्ट टाळाच, विशेषतः लाइनीवर कॅथोडिक प्रोटेक्शन (करंट देऊन गंज रोखण्याची पद्धत) असेल तर, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि न वाकता तुटतात.

पाइपचं टोक पुसून घ्या, वेज जिथे बसणार तिथे माती चिकटलेली नको. पाऊण इंची टी-बोल्ट समोरासमोरचे पाळीपाळीने आवळत १०० ते १२० न्यूटन मीटरपर्यंत न्या, ग्लँड सगळीकडून सारखी सरकली पाहिजे. मग वेजचे बोल्ट, त्यांचं वरचं डोकं ठरलेल्या टॉर्कला आपोआप तुटतं, तुटल्यावर थांबायचं. खाली उरलेलं छोटं षटकोनी डोकं जॉइंट सोडवण्यासाठी असतं, अजून एक आटा देऊ म्हणून ते फिरवू नका.

आता संरक्षण, आणि इथे घाई केली तर वरची सगळी निवड वाया. साइटवर कापलेलं टोक, वेल्डिंगची रिंग, खरचटलेला भाग यावर ब्रशने घासून झिंक जास्त असलेला रंग आणि त्यावर इपॉक्सी किंवा बिट्युमेन लावा. हल्ली चांगल्या पाइपवर कारखान्यातूनच २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर झिंक किंवा ४०० ग्रॅम झिंक-अॅल्युमिनियमचा थर येतो, पण जॉइंटचे बोल्ट आणि ग्लँड त्यात येत नाहीत. ग्लँड आणि बोल्टच्या वेड्यावाकड्या आकाराला सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे पेट्रोलॅटम टेप, म्हणजे व्हॅसलीनसारख्या पदार्थाने भिजवलेली पट्टी. आधी पेस्ट प्रायमर हाताने चोळून प्रत्येक नटच्या मागे, फटीत, आट्यांत भरायचा, मग मॅस्टिकने (मऊ भरणाने) खाचा बुजवून आकार गोलसर करायचा, मग टेप अर्ध्याहून थोडी जास्त एकमेकींवर चढवत गुंडाळायची, वर बाहेरचं आवरण. मॅस्टिक वाचवायला लोक टेप थेट नटांवरून ताणतात आणि आत पोकळ जागा राहते, तिथे पाणी साचतं. हात चिकट होतात, वेळ जातो, पण हेच काम नीट व्हायला हवं.

त्यानंतर पॉलिथिलीनची नळी, २०० मायक्रॉनची. तिच्याबद्दल एक गैरसमज आहे की आत पाणी शिरलं म्हणजे ती फुकट गेली. ती वॉटरप्रूफ असायची गरजच नसते. आत शिरलेल्या थोड्याशा पाण्यातला ऑक्सिजन संपतो, नवा सहज येत नाही, आणि गंज मंदावतो. त्यासाठी ती अंगाला घट्ट बसली पाहिजे, जॉइंटवर दोन्हीकडून किमान ३०० मिमी एकावर एक चढली पाहिजे, टेपने बांधली पाहिजे, आणि आत मातीची ढेकळं अडकलेली नकोत. बोल्टची टोकं तिला भोकं पाडतात, म्हणून जॉइंटवर नळी सैल घड्या घालून सोडा आणि वरून अजून एक थर द्या. फाटलं तिथे लगेच टेप.

डिझाइन करणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट इथे आहे. पॉलिथिलीन घातलं की पाइप आणि मातीचं घर्षण कमी होतं, डक्टाइल पाइपच्या नेहमीच्या हिशोबात ते ०.७ ने गुणतात. रिस्ट्रेन्ड जॉइंटचा सगळा आधार घर्षणावर आहे, मग बेंडच्या दोन्ही बाजूंना जितके जॉइंट बांधायचे ती लांबी वाढते. आधी उघड्या पाइपचा हिशोब करून नंतर माती खराब निघाली म्हणून साइटवर पॉलिथिलीन घालायचं ठरलं, तर लांबीचा हिशोब परत करा. गंज वाचवला आणि बेंड सुटला असं होऊ नये.

काँक्रीटबद्दल थोडक्यात. ब्लॉक ओतताना बोल्ट आणि जॉइंट काँक्रीटमध्ये बुडवू नका. काँक्रीटमधलं लोखंड सुरक्षित राहतं पण ते कॅथोड होतं आणि काँक्रीट संपल्यावर लगेच मातीत असलेला भाग झिजतो, म्हणजे गंज ब्लॉकच्या कडेला येऊन बसतो. ब्लॉक आणि फिटिंगमध्ये प्लास्टिकची शीट ठेवा, शिवाय पुढे कधी बोल्ट बदलायचा झाला तर फोडाफोड लागत नाही.

बाहेरून येणारा करंट

डीसीवर चालणारी रेल्वे किंवा दुसऱ्या कुणाच्या पाइपलाइनीचं कॅथोडिक प्रोटेक्शन जवळ असेल तर त्यांचा करंट मातीतून आपल्या पाइपात शिरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो, आणि जिथून बाहेर पडतो तिथे लोखंड घेऊन जातो. एक अँपिअर सतत वर्षभर बाहेर पडला तर नऊ किलोच्या वर लोखंड जातं. रबर रिंगमुळे लाइन प्रत्येक जॉइंटला विजेच्या दृष्टीने तुटलेली असते, त्यामुळे करंट फार लांब जात नाही, पण जॉइंटजवळ तो एका पाइपातून मातीत उतरून पुढच्या पाइपात चढतो आणि उतरणारी बाजू खातो. रिस्ट्रेन्ड जॉइंटमध्ये वेज आणि बोल्टमुळे कधी संपर्क असतो कधी नसतो, त्यावर भरवसा ठेवू नका. कॅथोडिक प्रोटेक्शन द्यायचंच असेल तर प्रत्येक जॉइंटवर दोन पाइपांना विजेच्या दृष्टीने जोडणारी बाँडिंग केबल हवी, नाहीतर अॅनोड लावलेला एकच तुकडा वाचेल. थोडक्या जागेसाठी बोल्टवर चढवायच्या झिंकच्या टोप्या मिळतात, त्या छोट्या अॅनोडचं काम करतात. चांगल्या टेपच्या जोडीला ठीक, टेपच्या ऐवजी नको.

जुना जॉइंट उघडताना

हे नीट वाचा कारण यात माणसं दगावतात. प्रेशर चालू असताना बेंड, टी किंवा बंद टोकाभोवतीची माती काढू नका. बोल्ट गंजून गेलेले असतील तर फिटिंगला धरून ठेवणारी गोष्ट ती माती आणि तिच्यामागचा ब्लॉक एवढीच असते, आणि ती तुम्ही फावड्याने काढताय. शेजारून दुसऱ्या कुठल्या कामासाठी ब्लॉकच्या पाठीमागे चर खणला तरी हेच होतं, म्हणून आपल्या लाइनीजवळ कुणी खणत असेल तर आधी जाऊन बेंड कुठे आहेत ते दाखवा. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, लाइन रिकामी करा, गेज शून्य दाखवतंय आणि उघडा ठेवलेला नळ कोरडा आहे दोन्ही बघा. जुने व्हॉल्व्ह आतून पाणी सोडतात, फिरवून घट्ट लागला म्हणजे बंद झाला असं नाही. आणि फिटिंग ज्या दिशेला सुटू शकते त्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

उघडल्यावर आधी फोटो, मग सॉकेटच्या तोंडापासून पाइपवरच्या एखाद्या खुणेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजून लिहा. एका बाजूला जास्त उघडलेला असेल तर जॉइंट आधीच सरकलाय. पाइपवर वेजच्या ओरखड्याची रेघ दिसली, म्हणजे वेज रुतून न बसता घसरत आलेलं, तर तेही तेच सांगतं. मग हातोडीने हलके ठोके. चांगला घट्ट बोल्ट खणखणीत वाजतो, सैल किंवा खाल्लेला बद्द. गंजाचे थर छिन्नी आणि वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत काढा, नटच्या मागच्या फटीत कॅलिपर घाला, लग आणि ग्लँडचे कान चाकूने खरवडून बघा, पाइपवरचे खड्डे आतला काळा मगज टोकरून मग पिट गेजने मोजा.

किती झिजल्यावर बदलायचं? आट्यांच्या जागी व्यास दहा टक्के कमी झाला म्हणजे क्षेत्रफळ जवळपास वीस टक्के गेलं, तिथे मी थांबत नाही, बदलतो. आणि एक खराब निघाला तर त्या जॉइंटचे सगळेच बदला, माती एकच, वय एकच, बाकीचे त्याच रस्त्यावर आहेत. नव्या बोल्टबरोबर जुने ठेवले तर दोन्हींत जोडी जुळून जुना आणि नवा यातला एक दुसऱ्याला खातो, शक्यतो नवा चकचकीत बोल्टच जास्त झिजतो, कारण गंजलेला जुना त्याच्यासमोर कॅथोड होतो. लग मऊ लागला तर फिटिंग बदलायची, वेल्डिंग करून भागवायचं नाही, बिडाला साइटवरचं वेल्डिंग टिकत नाही. एक बेंड खराब निघाला तर त्याच मातीतला, त्याच वर्षी टाकलेला पुढचा बेंड लगेच यादीत घ्या. सरळ पाइपांपेक्षा आधी बेंड, टी, बंद टोकं, आणि त्यातही मोठ्या व्यासाची, जास्त दाबाची, पाणी साचणाऱ्या जागेतली.

परत पाणी सोडताना

पाइपांच्या अंगावर माती भरून दाबा, फक्त जॉइंट उघडे ठेवा. घर्षणावर चालणारी रचना आहे, सगळा चर उघडा ठेवून टेस्ट घेतली तर जॉइंट सुटेल आणि दोष बोल्टला जाईल. पाणी हळू सोडा, वरच्या टोकाच्या एअर व्हॉल्व्हमधून हवा पूर्ण जाऊ द्या, मग टप्प्याटप्प्याने दाब चढवा आणि प्रत्येक टप्प्याला लांबून खूण बघा. वेज थोडी बसतात, त्यामुळे पहिल्यांदा दोन-चार मिमी सरकणं नेहमीचं आहे, पण दाब स्थिर असताना खूण सरकतच राहिली तर दाब उतरवा आणि उघडून बघा. हवेने टेस्ट करू नका, दाबलेल्या हवेत साठलेली ताकद पाण्याच्या कितीतरी पट असते आणि जॉइंट सुटला तर तो तोफेच्या जोराने जातो. टेस्ट झाली की दाब पूर्ण उतरवून टी-बोल्टचा टॉर्क परत तपासा, रबर दबल्यामुळे थोडा सैल पडलेला असतो, मग टेप, मग पॉलिथिलीन, मग स्वच्छ वाळू किंवा चाळलेली माती. बोल्टचा प्रकार, मातीचा रोध, मोजलेली झीज आणि फोटो त्या जॉइंटच्या नावाने रेकॉर्डला टाका, पुढच्या वेळी झिजायचा वेग त्याच आकड्यांवरून काढता येतो.